फडके कोण धुणार?

श्रीकृष्णाच्या बोटाला कापते, रक्त वाहू लागते आणि बांधायला चिंधी हवी असते. सुभद्रेच्या घरी ती सापडत नाही. शालू असतात, पैठण्या असतात, पण त्या फाडायच्या कशा? द्रौपदी मात्र नेसता भरजरी पीतांबर फाडून देते. ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली आहे. तिचे तात्पर्य बहीणभावाच्या प्रेमाचे, आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यात आणखी एक गोष्ट न सांगता सांगितलेली आहे. ज्या घरात शोधूनही चिंधी मिळत नाही ते घर वैभवाचे, हे कथा सांगणाऱ्याने गृहीत धरले आहे. आज आपली साधी दोन-तीन खोल्यांची घरेही या एका बाबतीत सुभद्रेच्या महालासारखी झाली आहेत. कपाटाचे दार लावताना आतले कपडे रेटावे लागतात. पण बोट कापले तर बांधायला, दूध उतू गेले तर पुसायला हाताशी सुती तुकडा नसतो. हात जातो तो ओट्याच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या कागदाच्या गुंडाळीकडे.

ही गुंडाळी आपल्या घरात शिरली ती मोठ्या शिस्तीने. शहरांतून मॉल उघडले, ओटे ग्रॅनाइटचे झाले, स्वयंपाकघराला आपण किचन म्हणू लागलो, त्याच सुमारास केव्हातरी ती आली. आधी तळलेल्या पुऱ्यांचे तेल टिपण्यापुरती. मग निवडलेली कोथिंबीर गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवण्यासाठी. मग पोळ्यांच्या डब्याच्या तळाशी. मग ओटा पुसायला, मग हात पुसायला. २०२० साली करोना आला आणि जी घरे तिच्यापासून लांब होती त्यांतही तिने बस्तान बसवले. आता वारे उलटे वाहू लागले आहेत. कागद टाळा, पुन्हा कापडाकडे वळा, असे सगळीकडून सांगितले जाते. शाळेत पर्यावरण शिकलेली नातवंडे आजीला ते ऐकवतात, आणि आजी मनातल्या मनात हसते.

कापडाकडे वळावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हा उपदेश करणारे एक प्रश्न हटकून गाळतात. कागद फेकून देता येतो. फडके धुवावे लागते. ते कोण धुणार? माझे म्हणणे असे की, कागद आपल्या घरात आला तो या प्रश्नाचे उत्तर म्हणून; आणि त्या प्रश्नाचे दुसरे, अधिक न्याय्य उत्तर शोधल्याशिवाय तो जाणार नाही. गेला तरी त्याची किंमत भलत्याच्याच खात्यावर नावे पडेल.

आधी फडक्याची जुनी व्यवस्था काय होती ते पाहू. आज आपण फडके म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे ओटा पुसण्याचा एक चौकोनी तुकडा येतो. पूर्वी फडके ही विकत आणायची वस्तूच नव्हती. ती कपड्याच्या आयुष्यातली एक अवस्था होती. नऊवारी सुती लुगडे मधोमध विरले की विरलेला भाग काढून टाकून उरलेले दोन तुकडे जोडीत. याला दांड घालणे म्हणत. दांड घातलेले लुगडे जुनेर म्हणून घरात नेसले जाई. तेही फाटले की त्यातला मऊ भाग बाळंतिणीकडे जाई, दुपटी आणि लंगोट यांसाठी. जरा धड असलेले तुकडे गोधडीत जात. आणि जे उरे ते स्वयंपाकघरात येई.

तिथेही सगळी फडकी एका मोलाची नसत. सर्वांत वरच्या पायरीवर अन्नाला लागणारी फडकी. भाकऱ्या बांधायचे वेगळे, पोळ्यांच्या डब्यातले वेगळे. मटकीला मोड आणायला पुरचुंडी बांधायची ती एका फडक्यात. श्रीखंडासाठी दही टांगायचे ते धोतराच्या तलम तुकड्यात. मोदक उकडताना चाळणीत ओले फडके घालायचे, पाण्याच्या हंड्यावर गाळायला दुहेरी फडके बांधायचे. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया वाळत त्या आजोबांच्या जुन्या धोतरावर. त्याखालची पायरी हातपुसण्याची. त्याखाली चुलीपाशी मसोते, तापलेली भांडी उतरवायला आणि तवा पुसायला. सर्वांत खाली जमिनीवरचे पोतेरे. आणि पोतेऱ्याच्याही पलीकडे, अगदी शेवटी, स्टोव्ह पेटवायच्या काकड्याला गुंडाळायची चिंधी. फडके वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरे. खालून वर कधी जात नसे. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता, पण सहा वर्षांच्या मुलीलाही तो ठाऊक असे. आज ज्याला स्वच्छतेचे शास्त्र म्हणतात त्याचा बराचसा भाग या एका नियमात होता.

बँकेच्या नोकरीत मी कर्जदारांचे ताळेबंद पुष्कळ तपासले. त्यांत घसारा हा एक रकाना असतो. यंत्र झिजते म्हणून त्याची किंमत दरवर्षी थोडी वजा करायची. वजा करता करता किंमत संपली आणि यंत्र तरीही चालू राहिले, तर पुस्तकात त्याची किंमत एक रुपया दाखवून ठेवण्याची पद्धत आहे. वस्तू अस्तित्वात आहे, एवढे लक्षात राहावे म्हणून तो रुपया. आमच्या आज्यांच्या घरात असा एक रुपया पुस्तकी किंमत असलेल्या वस्तूंचा मोठा साठा असे, आणि घरातली निम्मी कामे त्या साठ्यावर चालत. लुगड्याची किंमत ते नेसायचे थांबल्यावर शून्य होते, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता. आपण मात्र तो सहज मान्य केला.

तो साठा संपला कसा? याची पहिली पायरी कापडातच आहे. पॉलिस्टरचा धागा इंग्लंडमध्ये १९४१ साली तयार झाला. टेरिलीन, टेरिकॉट ही नावे आपल्याकडे आली आणि इस्त्रीच्या कटकटीतून सुटका झाल्याचा आनंद घरोघर साजरा झाला. तो खोटा नव्हता. ज्या बाईला सकाळी डबे भरून सात-चाळीसची लोकल पकडायची होती तिला न चुरगळणारी साडी हा मोठाच आधार होता. पण टेरिकॉटच्या शर्टाचे फडके होत नाही. ते पाणी पीत नाही, पुढे ढकलते. गरम पातेल्याला लावले तर वितळून चिकटते. सुती धागा पाणी पितो, आणि जितका धुतला जाईल तितका अधिक पितो, कारण त्याच्यावरची खळ आणि मेण निघून जाते. नव्या कोऱ्या मांजरपाटापेक्षा दहा वर्षे वापरलेली चादर ओटा चांगला पुसते ती यामुळे. घरातले नेसणे-पांघरणे सुती राहिले नाही, तेव्हा फडक्यांचा झराच आटला.

दुसरी पायरी बोहारणीची. जुने कपडे देऊन स्टीलची भांडी घ्यायची, हा दुपारचा मोठा कार्यक्रम असे. पातेल्यावर झाकणी मिळावी म्हणून तासभर घासाघीस चाले. जुना कपडा घरात फडके होण्याऐवजी बाहेर जाऊ लागला. पण तो वाया जात नव्हता. बोहारणीकडून तो जुन्या बाजारात जाई, कुणाच्या तरी अंगावर पुन्हा चढे. मोटार गॅरेजमध्ये हात पुसायला आजही बनियन-वेस्ट वापरतात, तोही वापरून संपलेल्या नाही तर शिवताना उरलेल्या सुताचाच प्रकार. म्हणजे बोहारणीपर्यंत आपला हिशेब शाबूत होता. आता जुना कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून 'देऊन टाकला' जातो. तो कुठे जातो हे विचारायचे नसते. दृष्टीआड सृष्टी.

तिसरी पायरी जागेची. फडके धुतल्यावर वाळवायला दोरी लागते, आणि दोरीला ऊन लागते. वाड्यांना अंगण होते, चाळींना गॅलरी होती. फ्लॅटची गॅलरी खोलीत घेतली गेली. अनेक सोसायट्यांत बाहेर कपडे दिसलेले चालत नाहीत. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर फडके वाळत नाही, कुबट होते. त्या कुबट वासाने माणूस वैतागतो आणि म्हणतो, त्यापेक्षा कागद बरा. या वैतागाला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

कागदाचा स्वतःचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत स्कॉट पेपर कंपनीत १९०७ साली संडासासाठी मागवलेला कागद प्रमाणाबाहेर जाड निघाला, आणि तो परत पाठवण्याऐवजी कंपनीने त्याचे तुकडे पाडून हात पुसायला विकले, अशी कथा सांगतात. त्या काळी शाळांत, हॉटेलांत, रेल्वेत सर्वांसाठी एकच टॉवेल टांगलेला असे. एका शिक्षिकेने सर्दी झालेल्या मुलांना त्या टॉवेलाऐवजी कागदाचे तुकडे दिले, त्यावरून ही कल्पना सुचली म्हणतात. कथा कितपत खरी ते असो, गरज खरी होती. शंभर अनोळखी माणसांनी एकाच टॉवेलाला हात पुसण्यापेक्षा कागद चांगला, हे आजही खरे आहे. स्वयंपाकघरासाठी कागदाची गुंडाळी त्याच कंपनीने बाजारात आणली ती १९३१ साली. गर्दीच्या ठिकाणाचा उपाय चार माणसांच्या घरात शिरला तो असा.

आणि हा कागद म्हणजे आपल्या ओळखीचा रद्दीचा कागद नव्हे. वर्तमानपत्र वाचून झाले की रद्दीवाल्याला विकता येते, त्याचा पुन्हा कागद होतो. ओट्यावरचा कागद पुन्हा कागदात जात नाही. त्याचे तंतू आखूड, त्यात तो तेलातुपाने माखलेला. ओला झाल्यावर त्याचा लगदा होऊ नये म्हणून त्यात रेझिन मिसळलेले असते. एक साधा हिशेब करू. समजा, गुंडाळीत साठ तुकडे आहेत आणि घरात दिवसाला दहा लागतात. सहा दिवसांत गुंडाळी संपली. वर्षाला साठ गुंडाळ्या, छत्तीसशे तुकडे. प्रत्येक तुकड्याचे आयुष्य फार तर अर्धा मिनिट. झाड वाढायला लागलेली वर्षे, लगदा करायला लागलेले पाणी, पाळीच्या पाळी चाललेला कारखाना, दूरवरची वाहतूक, हे सगळे त्या अर्ध्या मिनिटासाठी.

मग फडकेच बरे, असे म्हणून लेख इथे संपवता आला असता. पण फडक्याच्या विरुद्ध बाजूचे म्हणणेही ऐकायला हवे, कारण ते नुसते आळशी माणसाचे म्हणणे नाही. २०१८ साली मॉरिशस विद्यापीठातल्या संशोधकांनी महिनाभर वापरलेली स्वयंपाकघरातली शंभर फडकी तपासली. त्यांतल्या ४९ फडक्यांवर जिवाणूंची वाढ आढळली. एकच फडके हाताला, भांड्यांना आणि ओट्यालाही वापरले जात होते तिथे ई-कोलाय अधिक सापडला. कोरड्या फडक्यांपेक्षा ओलसर फडक्यांवर आतड्यातल्या जातीचे जिवाणू अधिक होते. हे वाचून फडके फेकून द्यावे, असा निष्कर्ष काहींनी काढला. मला त्यात आजीचे दोन जुने नियम दिसतात. वरच्या पायरीचे फडके खालच्या कामाला आणि खालच्या पायरीचे वरच्या कामाला लावायचे नाही. आणि फडके ओले ठेवायचे नाही. दोष कापडाचा नाही. महिनाभर तेच कापड चालवणाऱ्याचा आहे. पण तेच कापड महिनाभर का चालते? कारण ते बदलणे, उकळणे, पिळणे, वाळत घालणे हे काम कुणाच्याच नावावर नसते.

आता मी मूळ प्रश्नाकडे येते. जुन्या घरात फडके धुणे हे कुणाच्या नावावर होते? घरातल्या सर्वांत धाकट्या सुनेच्या, नाही तर पोरक्या म्हणून आश्रयाला राहिलेल्या एखाद्या आत्याच्या. सगळ्यांची जेवणे झाल्यावर, भांडी घासून झाल्यावर, रात्री शेवटी राखेने किंवा सोड्याने मसोते खळबळायचे ते त्या बाईने. त्या कामाची किंमत काय होती हे आपली भाषाच सांगते. एखाद्याचा पुरता अपमान केला तर आपण त्याचे पोतेरे केले म्हणतो. हलक्या माणसाला चिंधीचोर म्हणतो. ज्या वस्तूंवर घर चालत होते त्यांची नावे आपण शिव्या म्हणून वापरली, आणि त्या वस्तू धुणाऱ्या हातांनाही त्याच रांगेत बसवले. गाडगेबाबांना लोक चिंधेबुवा, गोधडेबुवा म्हणत. त्यांनी चिंध्या अंगावर घातल्या आणि हातात खराटा घेऊन गावे स्वतः झाडली. दुसऱ्याला झाडायला सांगितले नाही. त्यांच्या नावाने स्वच्छतेच्या स्पर्धा घेणाऱ्या आपण, त्यातला हा शेवटचा भाग सोयीने विसरतो.

चिंधीचा आणखी एक उपयोग होता, ज्याबद्दल चारचौघांत बोलले जात नसे. महिन्याच्या त्या चार दिवसांत बायका जुनेराच्याच घड्या वापरत. त्या लपवून धुवायच्या, आणि कुणाला दिसू नयेत म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली वाळवायच्या. त्यांना ऊन कधी मिळत नसे. फेकून देता येणारी वस्तू बाजारात आली तेव्हा ज्यांनी सुटकेचा श्वास टाकला त्यांना पर्यावरणाचे धडे देण्याआधी तो कोपरा आठवावा. जुन्या घरातली काटकसर खरी होती, पण तिचा मोठा हप्ता बायकांनी भरलेला होता.

आम्ही नोकऱ्या करू लागलो तेव्हा हे काम कमी झाले नाही, फक्त उशिरा होऊ लागले. शाखेतली रोख जुळवून संध्याकाळी उशिरा घरी यायचे, स्वयंपाक करायचा, आणि झोपण्याआधी मोरीत उभे राहून फडकी धुवायची. बरोबरीच्या पुरुष अधिकाऱ्यांनाही रोख जुळवावीच लागे, पण त्यांच्यापैकी कुणाच्या दिवसाचा शेवट फडक्याने झाल्याचे मी ऐकलेले नाही. पुढे घरी कामाला बाई आली. शहरांत घरकामाचा भाव ठरतो तो कलमवार: भांड्यांचे इतके, केर-लादीचे इतके, धुण्याचे इतके, पोळ्यांचे इतके. या यादीत फडकी कुठे बसतात? कुठेच नाही. ती धुण्यात धरलेली नसतात, कारण कपड्यांबरोबर ती यंत्रात चालत नाहीत. भांड्यांतही धरलेली नसतात. भांडी झाल्यावर, 'जाता जाता एवढी फडकी खळबळून टाका हो,' असे म्हटले जाते आणि ती खळबळली जातात. बँकेत ज्या रकमेचे खाते सापडत नाही ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. तिथे ती फार दिवस पडून राहिली तर तपासणीला आलेला माणूस जाब विचारतो. आपल्या घरातली फडकी वर्षानुवर्षे अशा सस्पेन्स खात्यात पडून आहेत आणि जाब विचारायला कोणी येत नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण 'जाता जाता' या दोन शब्दांत मावणारे काम कोणत्या कायद्याला मोजता येणार?

म्हणून कागद बंद करून फडकी सुरू केली, असे अभिमानाने सांगणाऱ्या घरात मी एकच चौकशी करते. फडकी रोज किती निघतात, आणि ती कोण धुते? धुण्याचे पैसे वाढवले का? बहुतेक ठिकाणी उत्तरादाखल चहा येतो. पर्यावरणाचे पुण्य मालकिणीच्या खात्यात जमा आणि श्रम मोलकरणीच्या खात्यात नावे, हा हिशेब जुळत नाही. त्यापेक्षा कागद वापरणारा निदान आपल्या आळसाची किंमत स्वतःच्या खिशातून देतो.

दुसरा सापळा खरेदीचा. जुनी सवय परत आणायची म्हटली की बाजार तिच्यासाठी नवी वस्तू घेऊन हजर असतो. छापील सुती चौकोन, त्यांना ठेवायला बांबूची करंडी, वर एक संदेश. स्वीडनमध्ये १९४९ साली कुर्ट लिंडक्विस्ट यांनी सेल्युलोज आणि सूत मिळून स्पंजासारखे एक फडके काढले, ते आज जगभर विकले जाते. वस्तू चांगली आहे, पण तीही विकतच घ्यायची. मायक्रोफायबरचे फडके तर पॉलिस्टर आणि नायलॉनचे असते, धुताना त्यातून प्लॅस्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात. नवे सुतही फुकट येत नाही. विदर्भातल्या कोरडवाहू शेतात कापूस पिकतो तो कुणाच्या घामावर आणि कर्जावर, हे मराठी वाचकाला सांगायला नको. इंग्लंडच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असा हिशेब निघाला की, सुती पिशवीचा हवामानावरचा भार एकदाच वापरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीइतका खाली यायला ती निदान १३१ वेळा वापरावी लागते. हा आकडा पिशवीचा आहे, फडक्याचा नाही. पण त्यातला धडा फडक्यालाही लागू आहे. कापडाचे सगळे पुण्य ते पुन्हा पुन्हा वापरण्यात आहे, विकत घेण्यात नाही. घरात फाटलेली सुती चादर असताना दुकानातून नवे फडके आणणे म्हणजे ठेव मोडून त्याच पैशांची दुसरी ठेव ठेवण्यासारखे आहे. मधल्या मध्ये व्याज बुडते.

तेव्हा सुरुवात कपाटापासून करावी. एक जुनी सुती चादर, दोन विरलेले पंचे, चार बनियन एवढे बहुतेक घरांत निघतेच. अगदीच नसेल तर दोन मीटर मांजरपाट आणावा. पन्ह्यात दोन आणि लांबीत चार असे हाताच्या मापाचे आठ चौकोन त्यातून निघतात. पहिल्यांदा गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढावी, नाही तर ते पाणी टिपत नाही आणि कापडच वाईट असा समज होतो. अन्नाची, हाताची, ओट्याची आणि जमिनीची अशी चार वेगळी चळत ठेवावी. ओळख पटायला कडेला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे चार टाके पुरतात. ओट्याचे फडके रोज बदलावे, दिवसभर ओले झाले तर त्याआधीही. मळलेली फडकी तुंबवून ठेवू नयेत. आठवड्यातून एकदा धुण्याचा सोडा घालून उकळावीत. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव त्यांना लावू नये, त्याने कापड पाणी पीत नाही. पावसाळ्यात वाळत नसतील तर जास्त फडकी ठेवावीत आणि पंख्याखाली वाळवावीत.

आणि कागदाला पूर्ण हद्दपार करण्याचा हट्टही नको. कच्च्या मासळीचे नाही तर कोंबडीचे रक्त सांडले, घरात कुणाला उलट्या होत आहेत, अशा वेळी फेकून देता येणारा तुकडा शहाणपणाचा. फार तेलकट कढई धुण्याआधी रद्दीच्या कागदाने पुसून घ्यावी; ते तेल मोरीत जाऊ नये. मात्र भजी वर्तमानपत्रावर टाकायची जुनी सवय परत आणू नये. शाईतले घटक अन्नात उतरतात म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालच्या डिसेंबरात त्याविरुद्ध सूचना काढली, ती योग्य होती. भजी झाऱ्यावर नीट निथळू दिली आणि चाळणीत ठेवली तर त्यांना कागद लागतच नाही. वर्षाला साठ गुंडाळ्यांच्या जागी दोन पुरल्या तर तोही मोठा फरक आहे.

राहिला धुण्याचा प्रश्न. त्याला मला दोनच प्रामाणिक उत्तरे दिसतात. एक, कामाच्या बाईकडे फडकी द्यायची असतील तर ते स्वतंत्र कलम समजावे, त्याचे स्वतंत्र पैसे ठरवावेत, आणि 'जाता जाता' हे शब्द घरातून काढून टाकावेत. दुसरे उत्तर मला अधिक पसंत आहे. सांडले त्याने पुसावे आणि पुसले त्याने धुवावे. नळाखाली फडके खळबळायला, पिळायला आणि दोरीवर टाकायला दोन मिनिटे लागतात. ते लगेच धुतले तर डाग बसत नाही, वास येत नाही आणि आठवड्याच्या उकळण्यालाही फारसे काम उरत नाही. एका माणसाने रात्री सगळ्यांची फडकी धुणे आणि प्रत्येकाने आपापले तेव्हाच्या तेव्हा धुणे यांत श्रमाची बेरीज बहुधा सारखीच असेल. पण पहिल्या रीतीत एक माणूस पोतेरे होतो आणि दुसऱ्या रीतीत कोणीच होत नाही.

हा नियम लहान मुलांना लावणे सोपे आहे. दहा वर्षांचा मुलगा दूध सांडतो, त्याला फडके दाखवले की तो ते आनंदाने करतो. मुलींना तर आपण तो पिढ्यान् पिढ्या लावतच आलो. अवघड आहे ते पन्नाशीच्या पुरुषाला लावणे. चहाचा कप ठेवताना बशीतला चहा टेबलावर सांडला की त्याची नजर अजूनही फडक्याकडे जात नाही, घरातल्या बाईकडे जाते. त्याच्या पुढ्यात कागदाची गुंडाळी ठेवून आपण हा प्रश्न इतकी वर्षे पुढे ढकलला. गुंडाळी उचलून ठेवल्यावर तो पुन्हा समोर येईल, आणि आला तर बरेच. फडके खिडकीतल्या दोरीवर आहे, त्याच्या कडेला निळ्या दोऱ्याचे चार टाके आहेत, ते टेबलाचे आहे, आणि नळ कुठे आहे हे त्यालाही माहीत आहे, एवढे सांगावे आणि आपण हातातले वर्तमानपत्र वाचत राहावे.